ज्यांना पेन्शन नव्हती त्यांचे कागद

मुळशी तालुक्यात एखाद्या घराच्या माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली आली, की आत काय निघेल याचा मला आता साधारण अंदाज येतो. वरच्या थरात लग्नपत्रिका, जुनी पंचांगं, कुणाची तरी सातवीची गुणपत्रिका. त्याखाली जमिनीचे कागद. आणि अगदी तळाशी, मेणकापडात नाहीतर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, चार घड्यांचा एक जाड कागद: पलटणीतून सुटताना मिळालेला दाखला. घडीवर फाटलेला, मागून सेलोटेप लावलेला, सेलोटेपचा चिकटा पिवळा होऊन कागदात मुरलेला. पण ज्या घरातला माणूस फौजेत होता, त्या घरात तो असतोच.

मी जुने कागद दुरुस्त करते. पौडजवळ एका खोलीत माझं काम चालतं. एक मोठं टेबल, खालून उजेड देणारी काच, दाबायला फळ्या आणि वजनं, गव्हाचा चीक शिजवून केलेली खळ, जपानी टिशूचे ताव, आणि हवेतला दमटपणा दाखवणारं एक यंत्र, ज्याच्याकडे मी जून ते सप्टेंबर सतत बघत असते. मुळशीचा पाऊस कागदाचा वैरी आहे. हवेतला दमटपणा पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरायला लागते, आणि इथे आषाढात तो काटा त्याच्या खाली क्वचितच उतरतो. म्हणून पावसाळ्यात मी ओलं काम करत नाही. खळ वाळत नाही, टिशू नीट बसत नाही. ते महिने वाचण्याचे, याद्या करण्याचे आणि स्कॅनिंगचे. धुणं, चिकटवणं, दाबणं दिवाळीनंतर.

या कामात कागदाबद्दल जेवढं कळलं, त्याहून जास्त कळलं ते माणसं कुठला कागद ठेवतात आणि कुठला टाकतात याबद्दल.

जमिनीचे कागद का टिकले हे मुळशीत कुणाला सांगावं लागत नाही. टाटांच्या धरणात खोऱ्यातली गावं जाणार म्हटल्यावर १९२१ च्या रामनवमीला शेतकरी सत्याग्रहाला बसले. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. तीनेक वर्षं लोक मार खात राहिले, तुरुंगात जात राहिले, आणि तरीही धरण झालं. भाताची खाचरं पाण्याखाली गेली, त्यांचे उतारे घरात राहिले. मोबदल्याचं भांडण, वहिवाटीचं भांडण, नातवंडांचे दावे, सगळं त्या कागदांच्या जोरावर. शंभर वर्षं उलटली तरी ते पुडके कुणी टाकलेले नाहीत.

पलटणीच्या कागदांचंही तसंच. या पट्ट्यातली आणि घाटाखालची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मराठा पलटणींत जात आली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कूतला जे सैन्य वेढ्यात उपाशी राहून १९१६ च्या एप्रिलमध्ये शरण गेलं, त्यात ११० वी मराठा पलटण होती. ताम्हिणी उतरलं की माणगाव तालुका लागतो; तिथल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा माणसांचे कागद दोन ठिकाणी असतात: सरकारच्या दफ्तरात आणि घरच्या ट्रंकेत. घरचा दाखला हरवला तर पेन्शन अडते. विधवेला तर त्या कागदाशिवाय कुणी उभंही करत नसे. म्हणून तो मेणकापडात गुंडाळला गेला.

पण त्याच ट्रंकेत दुसरंही काही असतं, आणि ते मला अगदी योगायोगाने बघायला मिळालं. एका घरी दाखला नीट करून परत द्यायला गेले होते. आजी अंगणात बसलेल्या. शेजारी जाळायला काढलेला कागदांचा ढीग. त्यात सासऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीतून धाडलेली पत्रं होती, लुगड्याच्या काठाच्या चिंधीने बांधलेली. मी ती उचलली तशा आजी म्हणाल्या, “त्या कागुदावर काय मिळत नाय गं बाई. पेन्शनीचा तेवढा ठेवला. ही नुसती ख्यालीखुशाली हाय.”

ती ख्यालीखुशाली मी आजींच्या परवानगीने घरी आणली. पत्रं जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली होती. त्या काळी फौजेत ही पेन्सिल फार चाले: शाई लागत नाही, दौत सांडत नाही, आणि अक्षर खोडता येत नाही. पण तिच्यात ॲनिलिनचा रंग असतो. पाण्याचा एक थेंब पडला की अक्षर फुलतं, पसरतं आणि कायमचं जातं. म्हणजे माझं नेहमीचं निम्मं काम बाद. धुवायचं नाही, खळ पातळ लावायची नाही. जिथे घडी फाटली आहे तिथेच, अक्षर टाळून, जवळजवळ कोरड्या खळीने केसाएवढा टिशू बसवायचा. भिंगाखाली ते करताना ओळी आपोआप वाचल्या जातात. भात किती झाला. थोरल्याला शाळेत घातलं का. बैल विकू नको, मी आल्यावर बघू. एका पत्रात दोन ओळी सेन्सॉरने काळ्या केलेल्या, आणि त्या काळ्या पट्ट्याच्या लगेच पुढे, तसंच सरळ अक्षर: आईला सांगू नको.

दाखल्यावर त्या माणसाची उंची आहे, छातीचं माप आहे, वर्तणूक ‘चांगली’ असल्याची नोंद आहे. माणूस आहे तो चिंधीत बांधलेल्या पत्रांत. आणि जळणार होती ती पत्रं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. ज्याच्या मागे पलटण होती, सरकार होतं, पेन्शन होती, त्याचे एवढे हाल. तर जो माणूस परक्या देशाच्या लढाईत आपणहून गेला, कुणी धाडलं नाही, परत आल्यावर कुठल्या कचेरीत ज्याचं नाव नव्हतं, त्याचे कागद कोण ठेवणार?

हा प्रश्न मनात घेऊन मी एका पावसाळ्यात गोपाळ मुकुंद हुद्दार यांच्यापाशी येऊन पोचले.

नागपूरकडे त्यांना बाळाजी हुद्दार म्हणत. जन्म १९०२ चा. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांच्या अगदी जवळचे. १९२९ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या बैठकीत संघाची जी पहिली मांडणी झाली, त्यात डॉक्टर सरसंघचालक, मार्तंडराव जोग सरसेनापती आणि हुद्दार सरकार्यवाह. दोन वर्षांनी क्रांतिकार्याला पैसा उभा करण्यासाठी बालाघाटला पडलेल्या दरोड्याच्या खटल्यात ते तुरुंगात गेले. सुटून आल्यावर पत्रकारिता शिकायला लंडन. आणि १९३७ च्या शरदात हा नागपूरचा माणूस स्पेनमध्ये, आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या ब्रिटिश बटालियनमध्ये, हातात बंदूक घेऊन उभा होता. नाव सांगितलं होतं जॉन स्मिथ.

स्पेनमध्ये काय चाललं होतं ते थोडक्यात सांगायला हवं. १९३६ च्या जुलैत जनरल फ्रँकोने निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलं. हिटलर-मुसोलिनीने त्याला विमानं, रणगाडे, माणसं पुरवली. इंग्लंड-फ्रान्सने हात वर केले. तेव्हा पन्नासहून अधिक देशांतली सुमारे पस्तीस हजार माणसं आपणहून प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला गेली: खाणकामगार, शिक्षक, कवी, विद्यार्थी, नाझींपासून पळालेले जर्मन आणि यहुदी. त्यांच्याच तुकड्या म्हणजे आंतरराष्ट्रीय ब्रिगेड. ब्रिटनमधून अडीच हजारांच्या आसपास गेले, त्यांतले पाचशेहून अधिक तिथेच पुरले गेले. १९३७ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने १८७० चा जुना कायदा काढून स्पेनला लढायला जाणं गुन्हा ठरवलं. त्यामुळे बरेच जण शनिवार-रविवारचं पॅरिसचं तिकीट काढून जायचे, कारण त्याला पासपोर्ट लागत नसे, आणि पुढे रात्री पिरेनीज पर्वत चालत ओलांडायचे.

कागदाच्या दृष्टीने याचा अर्थ बघा. पासपोर्टवर शिक्का नाही. प्रवासाची पावती जपायची नाही. खरं नाव लिहायचं नाही. पत्रात गावाचं नाव नाही. जो गेला तो स्वतःच्या हाताने आपला माग पुसत गेला. हुद्दारांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. मागे तुरुंगवास असलेला, इंग्रज सरकारच्या नजरेतला हा हिंदी माणूस. पोलीस घरी झडतीला येणार हे गृहीत धरूनच अशा घरांत कागद ठेवले जायचे, म्हणजे बहुतेक वेळा जाळलेच जायचे. क्रांतिकारकांच्या घरांतल्या चुलींनी किती पत्रं खाल्ली असतील याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही. त्या बायांना आपण दोष देऊ शकत नाही. एक पत्र सापडलं तर दुसऱ्या पोरालाही उचलून नेतील, ही भीती खरी होती.

मग या माणसाबद्दल कागदावर राहिलं काय? जे राहिलं ते बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेलं, आणि त्यातही विरोधकांनी. हे मला फार अस्वस्थ करतं. लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांवर पाळत ठेवायला इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स नावाचं खातं होतं. त्याच्या फायली आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि कुणालाही बघता येतात. ब्रिटिश गुप्तचरांनी स्पेनला गेलेल्यांच्या याद्या केल्या, त्याही आता लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या आहेत. फ्रँकोच्या सैन्याने जिंकलेल्या प्रत्येक गावातून पक्षांचे, संघटनांचे, घराघरांतले कागद पोती भरभरून सालामांकाला नेले. कशासाठी? नावं शोधून माणसांना शिक्षा करता यावी म्हणून. आज तेच दफ्तर ऐतिहासिक स्मृतीचं केंद्र म्हणून तिथे उभं आहे, आणि कॅटालोनियातून नेलेले कागद परत देण्यासाठी २००५ मध्ये स्पेनच्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला. उरलं ब्रिगेडचं स्वतःचं दफ्तर. युद्ध हरल्यावर ते मॉस्कोला गेलं, कम्युनिस्ट इंटरनॅशनल म्हणजे कॉमिन्टर्नच्या कागदांत, ५४५ क्रमांकाच्या संग्रहात पन्नास वर्षं बंद राहिलं. आता त्याचे स्कॅन पडद्यावर बघता येतात.

पावसात वीज असेल तेव्हा मी ते स्कॅन बघत बसायचे. टंकलिखित याद्या, फॉर्म, ओळखपत्रं, रुग्णालयाच्या चिठ्ठ्या. फॉर्मवर प्रश्न छापलेले: नाव, धंदा, पक्ष, कधी आलास, का आलास. या ‘का आलास’च्या पुढची कोरी ओळ जेमतेम बोटभर. कुणी तिच्यात एक शब्द लिहिला आहे: फॅसिझम. कुणी ओळ ओलांडून समासात, मग कागद फिरवून उभं लिहीत गेला आहे. कागद हलका, लगद्याचा, युद्धकाळातला. पडद्यावर सुद्धा त्याच्या कडा तपकिरी होऊन झडलेल्या कळतात. लाकडाच्या लगद्यात आम्ल राहतं, ते कागदाला आतून खातं. अशा कागदाला वेळीच चुन्याच्या निवळीसारखा अल्कधर्मी हात मिळाला नाही तर घडीवर बोट टेकवलं तरी तुकडा हातात येतो.

१९३८ च्या मार्च-एप्रिलमध्ये आरागॉनच्या आघाडीवर प्रजासत्ताकाची फळी फुटली. ब्रिटिश बटालियन ३१ मार्चला कालासेइतेजवळ इटालियन रणगाड्यांच्या तोंडी सापडली. गांदेसा गावाजवळच्या धुमश्चक्रीत एप्रिलच्या सुरुवातीला हुद्दार पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात कैदी झाले. आयर्लंडचे क्रांतिकारक फ्रँक रायनही त्याच मठात होते. शेकडो परदेशी कैदी, उवा, उपासमार, छड्या. तिथे जर्मन आले आणि कैद्यांच्या कवट्या मोजून गेले. फ्रँकोचा मनोविकारतज्ज्ञ आंतोनियो वायेखो-नाखेरा याने त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. डाव्या विचारांचा माणूस मुळात जन्मानेच विकृत असतो हे त्याला सिद्ध करायचं होतं. आणि त्याच मठात कैद्यांनी आपापसांत वर्ग चालवले, भाषा शिकवल्या, ‘जेली न्यूज’ नावाचं हातानं लिहिलेलं चोरटं वर्तमानपत्र काढलं.

मापं आणि प्रश्नावल्या हे एकीकडे, ते हातानं लिहिलेलं वर्तमानपत्र दुसरीकडे. माझ्या टेबलावरच्या दाखल्यात आणि चिंधीतल्या पत्रांत जे अंतर होतं, तेच हे. सत्ता माणसाची छाती मोजते, कवटी मोजते, वर्तणूक लिहिते. माणूस काय म्हणत होता हे कळायचं तर त्याच्या स्वतःच्या हातचा कागद लागतो.

या काळाचा आणखी एक धागा मला सोडवत नाही. हुद्दार फ्रँकोच्या कैदेत असतानाच, १९३८ च्या जूनमध्ये, जवाहरलाल नेहरू कृष्ण मेनन यांच्याबरोबर बार्सिलोनाला जाऊन आले. आणि १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून काँग्रेसचं वैद्यकीय पथक चीनला निघालं: स्पेनमध्ये काम करून आलेले डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. त्याच वर्षी एक नागपूरकर स्पेनच्या तुरुंगात, दुसरा चीनच्या वाटेवर. आपल्याकडची माणसं त्या वर्षी किती लांबचं आपलं मानत होती!

कोटणीसांचं नाव राहिलं. ९ डिसेंबर १९४२ ला ते चीनमध्येच गेले, पण त्यांच्या मागे दोन देश उभे राहिले. काँग्रेसने पाठवलेलं पथक, चिनी सरकारने बांधलेलं स्मारक, १९४६ चा शांतारामबापूंचा चित्रपट, सोलापुरातलं स्मारक. वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांचं निराळं. गदर चळवळीतून पहिल्या महायुद्धात इराणात जाऊन इंग्रजांविरुद्ध लढलेला हा माणूस पुढे मेक्सिकोत मक्याचा शास्त्रज्ञ झाला. छायाचित्रकार तिना मोदोत्तीने त्याचे फोटो काढले. खानखोज्यांच्या मागे मुलगी होती. सावित्री साहनी यांनी वडिलांच्या आठवणी आणि कागद जपले, त्यांवरून २००८ मध्ये इंग्रजीत चरित्र लिहिलं. एका घरातल्या एका व्यक्तीने ठरवलं तर किती फरक पडतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हुद्दारांच्या मागे असं कुठलं राज्य उभं राहिलं नाही. १९३८ च्या अखेरीस सुटका होऊन ते लंडनला आले, तिथल्या हिंदी लोकांनी त्यांचा सत्कार केला, मग ते मायदेशी परतले. १९३९ मध्ये सुभाषबाबूंचा निरोप घेऊन ते नाशिकला हेडगेवारांकडे गेले. या भेटीची हकिगत त्यांनी स्वतः चाळीस वर्षांनी, १९७९ च्या ऑक्टोबरात ‘इलस्ट्रेटेड वीकली’त लिहिली. मधल्या काळात ते कम्युनिस्ट पक्षात गेले होते. आणि इथेच त्यांच्या कागदांची खरी अडचण सुरू होते. एकाला १९२९ चे हुद्दार सोयीचे, पण १९३७ चे नकोत. दुसऱ्याला स्पेनचे हुद्दार अभिमानाचे, पण नागपूरच्या मैदानावरचे नकोत. दोघांनी आपापल्या कपाटात आपापला निम्मा माणूस ठेवला, तर बालाघाटहून गांदेसापर्यंतची वाट दिसणार कशी? आणि मला तर रस त्या वाटेतच आहे. असं काय वाचलं, काय पाहिलं, कुणाशी बोलणं झालं, की एवढ्या थोड्या वर्षांत हा माणूस इथून तिथे गेला? हे सांगणारा कागद भाषणाचा किंवा ठरावाचा नसतो. तो घरी लिहिलेल्या पत्राचा असतो, उसने पैसे मागणाऱ्या चिठ्ठीचा असतो, पुस्तकाच्या समासातल्या खुणेचा असतो.

म्हणून मी कुटुंबांशी एका गोष्टीवर भांडते. निवडू नका. एका घरचा संग्रह माझ्या ओळखीनेच एका संस्थेकडे गेला होता. त्यांनी ‘ऐतिहासिक महत्त्वाची’ पत्रं ठेवून घेतली आणि बाकी गठ्ठा परत पाठवला. परत आलेल्यात वाण्याची बिलं होती, दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या, बायकोची पत्रं होती. नवरा तुरुंगात असताना घर कसं चाललं ते त्या बिलांत होतं. उधारी कोणत्या महिन्यापासून सुरू झाली, साखर कधी बंद झाली, तिच्या बांगड्या कधी गहाण पडल्या. ठेवून घेतलेली पत्रं सुंदर आहेत, पण या बिलांवाचून ती अधांतरी झाली. शिवाय गठ्ठ्यातला मूळ क्रम मोडला. कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी ठेवला होता, हीसुद्धा माहितीच असते. आजींच्या त्या चिंधीत पत्रांच्या मधोमध एक रेशनकार्ड होतं. मला आधी वाटलं चुकून आलं असेल. विचारल्यावर कळलं, सासूबाईंनी ते मुद्दाम तिथे ठेवलं होतं: ज्या महिन्यात पत्र आलं नाही, त्या महिन्याच्या जागी. मी ते तिथेच ठेवलं आहे. यादीत त्याला त्याच जागेचा क्रमांक आहे.

काही घरं उलट सांगतात. ताई, हे दोन कागद तेवढे काढून टाका, यात आजोबा पक्षाबद्दल वाईट बोललेत. किंवा, यात एका बाईचं पत्र आहे. त्यांची तगमग मला समजते. त्यावर उपाय आहे: पाकीट वेगळं बंद करायचं, वर तारीख लिहायची की अमुक सालापर्यंत कुणी उघडू नये, आणि ते त्याच पेटीत ठेवायचं. देशोदेशीची अभिलेखागारं हेच करतात. जाळलेल्या कागदाला तारीख घालता येत नाही.

आता मी एक टाचण करते आहे. हुद्दारांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या वाटेवर कुठे कुठे कागद निर्माण झाला असेल, याचं. नागपूर, बालाघाट, लंडन, आरागॉन, बुर्गोस, मुंबई, पुन्हा नागपूर. प्रत्येक ठिकाणी त्या वर्षी कुठल्या जातीचा कागद होता, कुठली शाई, कुठले शिक्के, पाकिटावर काय दिसेल. परदेशी दफ्तरांचे क्रमांक एका रकान्यात. दुसऱ्या रकान्यात घरं: म्हणजे कुणाची नावं नव्हेत, तर कुठल्या प्रकारच्या घरात शोधावं ते. लंडनला त्या वर्षांत शिकायला असलेल्यांची घरं. बालाघाट खटल्यातल्या वकिलांची घरं. जुन्या मराठी साप्ताहिकांच्या संपादकांची घरं. सहकैद्यांची घरं, कारण तुरुंगातून सुटलेली माणसं एकमेकांना आयुष्यभर पत्रं लिहितात.

सत्तर वर्षांनीही असं काही सापडतं. स्पेनच्या युद्धात रॉबर्ट कापा, गेर्डा तारो आणि चिम यांनी काढलेल्या सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह हरवल्या असं जग मानून बसलं होतं. त्या मेक्सिको सिटीतल्या एका घरी पुठ्ठ्याच्या खोक्यांत निघाल्या आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. पिढ्या बदलल्या, घरं बदलली, पण कुणीतरी खोकी फेकली नव्हती.

हे टाचण दिवाळीनंतर मी विदर्भातल्या जुन्या वाचनालयांना आणि पुण्या-मुंबईतल्या काही मित्रांना पाठवणार आहे. त्याच्या पहिल्या पानावर कामाच्या चार गोष्टी आहेत, त्या इथेही लिहिते. ट्रंक उघडल्यावर आधी फोटो काढा, मग हात लावा. गंजलेली टाचणी ओढू नका. ती कागदासकट येते. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा निघत नाही. जांभळं अक्षर दिसलं तर पाण्यापासून लांब ठेवा. कागदाला वाळवी किंवा कसर लागली असेल तर तो पेटीतून वेगळा काढा, पण फेकू नका. १९३७-३८ सालचं स्पेनचं तिकीट असलेलं पाकीट, बुर्गोसचं नाव असलेलं पत्र, लंडनहून आलेलं विनासहीचं कार्ड, कुठेही ‘जॉन स्मिथ’ असा उल्लेख दिसला, तर तो गठ्ठा ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने बांधून ठेवा आणि जवळच्या वाचनालयाला कळवा. घरी ठेवायचा असेल तर खुशाल घरी ठेवा. मी येऊन स्कॅन करून जाईन, मूळ कागद तुमच्याकडेच राहील.

आजींची पत्रं मी त्यांना परत दिली आहेत. नातवाने त्यांच्यासाठी लोखंडी कपाटात वेगळा खण केला, आणि दाखलाही आता त्याच खणात ठेवला आहे.